लीनचं मूळ शोधायचं तर आधी मागापाशी जावं लागतं

प्रश्न असा आहे: "आमच्या कंपनीत लीन सुरू केलंय. ट्रेनिंगला आलेले एक सर म्हणाले, याचं मूळ फोर्डमध्ये आहे. दुसऱ्यांनी अमेरिकेतले गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचं नाव घेतलं. तिसरे म्हणाले, सगळं टोयोटाचं. नक्की उगम कुठला? आणि तो माहीत असून शॉपवर आम्हाला काय फरक पडतो?" विचारणारे एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, प्रॉडक्शन इंजिनियर आहेत. लीन म्हणजे वाया जाणारं काम, वेळ आणि माल कमी करत जायची उत्पादनाची पद्धत.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या ओघात पहिल्याचंही उत्तर लागेल. फरक पडतो, आणि बराच पडतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मी एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं कानबान (मालाची पाटी), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवणं) ही सगळी एकाच दुकानातली सामानं समजून वापरली. हवं ते उचलायचं आणि लाइनवर लावायचं. बहुतेक काही टिकलं नाही. पुढे उगमापासून सगळं नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की यातली प्रत्येक पद्धत कुणाच्या तरी ठरावीक अडचणीतून निघाली आहे, आणि त्या एकामागून एक आल्या आहेत. आधीची जागेवर नसेल तर नंतरची उभी राहत नाही. उगमाची गोष्ट म्हणजे खरं तर या क्रमाची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात मोटारीपासून होत नाही.

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. घराला लागून शेड होती, त्यात चार साधे यंत्रमाग. माग चालू असताना धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचा बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटत जातो. बाणा मधेच तुटला किंवा कांडी संपली, की धोटा रिकामाच पळत राहतो आणि कापडात विरळ पट्टी पडते. व्यापाऱ्यासमोर तागा उलगडला की त्याचं बोट बरोबर तिथे जायचं आणि तो भाव पाडायचा. बाणा तुटल्यावर माग थांबवणारा काटा आमच्या मागांना होता, पण झिजलेला. त्याच्यावर भरवसा नव्हता. ताण्याचा धागा तुटला तर थांबवणारं काहीच नव्हतं. म्हणून सतत कुणीतरी मागापाशी उभं. वडील जेवायला बसले तरी कान शेडकडे असायचा. खटखट जराशी बदलली, की हातातला घास ताटात ठेवून उठायचे. काम यंत्र करायचं आणि राखण माणूस.

ही राखण यंत्राकडे सोपवली साकिची तोयोदा यांनी. टोयोटा मोटर पुढे त्यांच्याच घराण्यातून निघाली. ते १८६७ साली जपानमधल्या आजच्या कोसाई शहराच्या परिसरात जन्मले. वडील सुतार, आई घरी हातमागावर विणायची. १८९१ मध्ये त्यांना सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं, १८९६ मध्ये त्यांचा यंत्रमाग तयार झाला. बाणा तुटला की तो आपोआप थांबायचा. इथे एक खुलासा करायला हवा, कारण ट्रेनिंगमध्ये हा भाग फार सैलपणे सांगतात. बाणा तुटल्यावर माग थांबवायची कल्पना जगात पहिल्यांदा साकिची यांना सुचली, असं नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या मागांवर तसा काटा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होता. अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉप माग आला. तो संपलेली कांडी स्वतः बदलायचा आणि ताणा तुटला तरी थांबायचा. साकिची यांचं मोठेपण पहिलेपणात नाही. ते या एकाच गोष्टीच्या मागे तीसेक वर्षं लागून राहिले. १९२४ साली त्यांचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पुरा झाला, त्या कामात त्यांचा मुलगा कीइचिरोही होता. हा माग न थांबता, वेग न सोडता धोटा बदलायचा, आणि ताणा किंवा बाणा तुटला की जागेवर उभा राहायचा. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क घेण्यासाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्या देशाकडून जपान यंत्रमाग शिकला, त्याच देशातल्या नामवंत कंपनीनं.

माग स्वतः थांबतो म्हटल्यावर माणसाला त्याच्याकडे बघत बसायचं कारण उरत नाही. एक विणकर कितीतरी माग सांभाळू शकतो. थांबलेल्या मागापाशी जायचं, तुटलेला धागा सांधायचा, पुढे जायचं. आणि खोटीचं कापड तयारच होत नाही, म्हणून शेवटी तपासायला माणूस बसवावा लागत नाही. टोयोटात याला 'जिदोका' म्हणतात. जपानीत स्वयंचलन लिहिताना जी तीन अक्षरं येतात, त्यातल्या मधल्या 'हलणे' या अक्षराला त्यांनी माणसाची खूण जोडली. तशी जोडली की त्या अक्षराचा अर्थ 'काम करणे' असा होतो. यंत्र नुसतं हलत असेल तर ते काम करतंच असं नाही, हा फरक त्या एका खुणेत आहे. माझ्या मते लीनचा पाया हा आहे. बाकी सगळं यावर चढत गेलं.

आता फोर्ड. तुमच्या पहिल्या सरांचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धवट आहे. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन आली आणि एका गाडीची चॅसी (खालचा सांगाडा) जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला. माल एका जागी न साठता वाहत राहिला पाहिजे, ही दृष्टी फोर्डची, आणि टोयोटातल्या जाणत्यांनी ते ऋण उघडपणे मानलं आहे. पण तो प्रवाह एकाच मॉडेलसाठी होता. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करून मॉडेल ए आणायची वेळ आली, तेव्हा फोर्डची गाड्यांची जोडणी जवळपास सहा महिने बंद होती. आपल्या भाषेत सांगायचं तर ते एक सहा महिन्यांचं चेंजओव्हर होतं. मोठा बाजार आणि भरपूर भांडवल असलेल्या देशाला हे परवडलं. (काही जण याच्याही मागे जातात, व्हेनिसच्या जहाजगोदीपर्यंत. तिथे जहाज रांगेनं पुढे सरकत तयार व्हायचं हे खरं, पण तिथून टोयोटापर्यंत कुणी काही शिकत आलं असा दुवा नाही. ते सोडून द्या.)

कीइचिरो तोयोदा यांनी १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली आणि १९३८ मध्ये कोरोमो गावात नवा कारखाना सुरू झाला. पुढे १९५९ मध्ये त्या गावाचं नावच टोयोटा झालं. 'जस्ट इन टाइम' हे शब्द कीइचिरो यांनी कोरोमोच्या कारखान्यासाठी वापरले. लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. फोर्डसारखी गोदामं भरून ठेवायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. पण लगेच युद्ध आलं, कच्चा माल सरकारी वाटपानं मिळायला लागला आणि हा विचार तसाच राहिला.

युद्ध संपलं तेव्हा कीइचिरो यांनी आपल्या माणसांना सांगितलं की तीन वर्षांत अमेरिकेला गाठा, नाहीतर जपानची मोटार टिकणार नाही. ते ऐकणाऱ्यांत ताइची ओनो होते. १९३२ पासून ते तोयोदांच्या कापड कंपनीत होते, १९४३ मध्ये मोटार कंपनीत आले. एका अमेरिकी कामगाराइतकं काम करायला नऊ जपानी लागतात, असं त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. त्या आकड्यावर ओनोंनी जो विचार केला, तो माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला फार मोलाचा क्षण आहे. अमेरिकी माणूस अंगानं नऊपट जोर थोडाच लावतो? मग आमचे आठ जण दिवसभर काय करतात? त्या 'काय'ला पुढे नाव मिळालं 'मुदा', म्हणजे वाया जाणं. वाट पाहणं, उचलठेव, शोधाशोध, रिवर्क, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाला नको असताना बनवून ठेवणं. ते सगळ्यात वाईट अशासाठी की जादा बनवलेल्या मालाखाली बाकीचं वाया गेलेलं सगळं झाकलं जातं.

ओनो कापड कंपनीतून आले होते हे विसरू नका. तिथे एक मुलगी रांगेनं कित्येक यंत्रं सांभाळायची. मोटारीच्या मशीन शॉपमध्ये त्यांनी पाहिलं तर एका मशीनपाशी एक माणूस, मशीन कापत असताना तो नुसता उभा. १९४७ मध्ये त्यांनी दोन मशीनं एल आकारात किंवा समांतर लावून एका माणसाकडे दिली. १९४९-५० पर्यंत तीन-चार मशीनं, यू आकारात. आपण ज्याला आज 'सेल लेआउट' म्हणतो ते हेच. विरोध झाला. लेथवाल्याला लेथच माहीत, त्याच्याकडे मिलिंग दिलं तर तो चिडणारच, त्याच्या कारागिरीचा प्रश्न होता. आणि मशीन आपोआप थांबल्याशिवाय हे शक्य नव्हतं. टूल कापून पुढे गेलं की मशीन उभं राहिलं पाहिजे, म्हणून लिमिट स्विच बसवावे लागले. मागाची युक्ती लेथवर आली. इथे क्रम दिसतो: आधी 'स्वतः थांबणं', मग 'एका माणसाला अनेक मशीनं'.

नंतर आलं १९५०. त्या वर्षावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे ट्रेनिंगच्या स्लाइडवर ते कधी नसतं.

१९४९ मध्ये अमेरिकी अमलाखाली जपाननं महागाई रोखण्यासाठी खर्चाला जबरदस्त कात्री लावली. ट्रक विकले जाईनात, विकलेल्यांचे पैसे येईनात. टोयोटा बुडायच्या बेतात आली. बँकांनी एकत्र येऊन कर्ज दिलं, पण अटी घातल्या: विक्रीची कंपनी वेगळी करा, विकलं जाईल तेवढंच बनवा, माणसं कमी करा. म्हणजे 'खपेल तेवढंच बनवा' हा नियम निम्मा तरी सावकाराच्या दारातून आला आहे. माणसं कमी करणार नाही असा शब्द कीइचिरो यांनी दिला होता. तो पाळता आला नाही. संप झाला, दोन महिने चालला, दोन हजारांहून जास्त माणसं गेली, आणि कीइचिरो यांनी स्वतः अध्यक्षपद सोडलं. १९५२ मध्ये ते वारले.

संप मिटतो न मिटतो तोच कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या. आता काम होतं, पण नुकतीच माणसं घालवली होती आणि नवी भरायची हिंमत नव्हती. आहेत त्या माणसांत जास्त बनवायचं. राहिलेल्या माणसांना पुन्हा असं होणार नाही याची खात्री द्यायची आणि त्यांच्याकडून सुधारणा मागायच्या. १९५१ मध्ये सूचना योजना सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. त्यामुळे 'लीन म्हणजे माणसं कमी करणं' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. माणसं गेल्याची जखम ताजी असताना, उरलेल्यांना धरून ठेवून ही पद्धत वाढली. ज्या कारखान्यात सुधारणा सुचवणाऱ्याचीच नोकरी जाते, तिथे दुसऱ्यांदा कुणी काही सुचवत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९५० च्याच उन्हाळ्यात कीइचिरो यांचे चुलतभाऊ एइजी तोयोदा अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना पाहायला गेले. तोवरच्या तेरा वर्षांत टोयोटानं मिळून २,६८५ प्रवासी मोटारी बनवल्या होत्या. रूजमधून दिवसाला ७,००० निघत. तो साचा उचलून आणणं शक्यच नव्हतं. थोड्या थोड्या गाड्या, वेगवेगळ्या प्रकारच्या, त्याच मशीनांवर बनवायच्या होत्या.

ओनोंच्या मशीन शॉपचं गिऱ्हाईक म्हणजे असेंब्ली, आणि असेंब्लीचं दुखणं आपल्याही ओळखीचं आहे. महिन्याचे पहिले पंधरा-वीस दिवस कुठला ना कुठला पार्ट नाही म्हणून गाड्या अडकलेल्या, शेवटच्या दहा दिवसांत रात्रंदिवस धावपळ. प्रत्येक शॉप प्लॅनप्रमाणे माल पुढे ढकलत होतं, आणि हवा तो सोडून सगळा माल हजर असायचा. ओनोंनी दिशा उलटी केली. पुढच्या शॉपनं मागच्याकडे जायचं आणि लागेल तेवढंच उचलायचं. मागच्यानं उचललं गेलं तेवढंच भरून काढायचं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटबद्दल त्यांनी ऐकलं होतं: गिऱ्हाईक फळीवरून हवं ते घेतं आणि रिकामी झालेली जागा मागून भरली जाते. सुपरमार्केट त्यांनी स्वतः पाहिलं १९५६ मध्ये, कल्पना त्याआधीच त्यांच्या शॉपवर चालू झाली होती. ते अमेरिकेत गेले, दुकान पाहिलं आणि परत येऊन कानबान काढलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे पण तारखा जुळत नाहीत.

कानबान म्हणजे पाटी. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद: कुठला पार्ट, किती, कुठून कुठे. १९५३ च्या सुमाराला मशीन शॉपमध्ये सुरू झालेली ही पाटी सगळ्या कंपनीत पोहोचायला १९६२ उजाडलं. जवळजवळ दहा वर्षं, तीही ओनोंसारखा कडक माणूस पाठीशी असताना. तुमच्या कंपनीनं तीन महिन्यांचं वेळापत्रक दिलं असेल तर हा आकडा वरिष्ठांना जरूर सांगा. आणि कानबानचा एक नियम तुम्हाला पाठ असेल: खराब पार्ट पुढे जाता कामा नये. पाचच पार्ट पुढे जाणार असतील आणि त्यातला एक खराब निघाला, तर असेंब्ली तिथेच उभी राहते. म्हणून पाटीच्या आधी मागाची शिकवण लागते.

आता माझा अनुभव सांगतो, तुम्ही प्रेस शॉपमध्ये आहात म्हणून. दोन हजार सालाच्या आसपास मी एका व्हेंडर कंपनीत होतो. वरून आदेश आला, कानबान लावा. आम्ही लॅमिनेट केलेली कार्डं बनवली, लाल-पिवळा-हिरवा बोर्ड लावला, ऑपरेटरना ट्रेनिंग दिलं. कस्टमरची रोजची उचल ४०० ब्रॅकेट. कार्ड आलं की ४०० बनवायचे. दोन महिन्यांनी पाहिलं तर सगळी कार्डं सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावून. वरिष्ठांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, चारशे पीससाठी डाय चढवू का?" त्याचं बरोबर होतं. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा; तो बदलायला, म्हणजे डाय चेंजला, साडेतीन तास लागत. चढवलेली डाय सहा हजार पीस काढल्याशिवाय तो उतरवणार नव्हता, आणि त्याच्या जागी मीही उतरवली नसती. टोयोटाच्या शेवटच्या पायरीवरून आम्ही सुरुवात केली होती.

एका दुसऱ्या शिफ्टला मी वही घेऊन त्या प्रेससमोर उभा राहिलो आणि पूर्ण चेंज लिहून काढला. २०५ मिनिटं. क्रेनची वाट ४०. योग्य लांबीचे टी-बोल्ट आणि पॅकिंग शोधण्यात ३५. शट हाइट (प्रेस मिटल्यावरची उंची) लावणं, ट्रायल स्ट्रोक, पुन्हा लावणं, ७०. पहिला पीस इन्स्पेक्शनहून ओके होऊन येईपर्यंत ३०. आणि प्रत्यक्ष जुनी डाय सोडणं, नवी सरकवणं, आवळणं, ३०. फिटरचे हात तीनच्या वर तासांत अर्धाच तास डायला लागले होते. मुदा हा शब्द मी आठ वर्षं वापरत होतो, तो त्या रात्री मला समजला.

शिगेओ शिंगो यांनी १९५० मध्ये हिरोशिमाला, माझदा गाड्या बनवणाऱ्या कंपनीत, हेच पाहिलं होतं. मोठ्या प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभरापेक्षा जास्त वेळ गायब झाला आणि शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून घेऊन आला. तिथून शिंगोंना वाट दिसली: प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी, आणि प्रेस चालू असताना आधी करून ठेवता येणारी वेगळी. १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनांच्या प्रेसला चार तास लागत होते. आधी ते दीड तासावर आले, मग वरून तीन मिनिटांचं लक्ष्य आलं, आणि तेही गाठलं. एकअंकी मिनिटांत डाय बदलायची पद्धत म्हणजे एसएमईडी ती ही. शिंगो बाहेरचे सल्लागार, टोयोटात १९५५ पासून शिकवायला जात. तोवर ओनोंचा पाया घालून झाला होता. काही ठिकाणी शिंगोंना संपूर्ण पद्धतीचे जनक म्हणतात ते बरोबर नाही, पण हा एक दरवाजा त्यांनी उघडला यात शंका नाही. चुकीचा पार्ट बसूच नये अशी सोय करणारं पोका-योकेही त्यांचंच, १९६१ पासूनचं. आधी त्याला 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. कामगाराला मूर्ख म्हणणारं ते नाव शिंगोंनी बदललं आणि 'पोका', म्हणजे नकळत होणारी चूक, हा शब्द घेतला.

आम्ही काय केलं तेही सांगतो. सगळ्या डायना पॅकिंग प्लेट वेल्ड करून शट हाइट एक केली. क्लॅम्पिंगची उंची एक केली, म्हणजे बोल्ट एकाच लांबीचे. पुढची डाय आदल्या तासात ट्रॉलीवर, शेजारी. इन्स्पेक्शनचं गेज प्रेसपाशी आणलं. चार महिन्यांत चेंज अर्ध्या तासाच्या आत आला. मग त्याच सुपरवायझरनं ड्रॉवरमधली कार्डं काढून बोर्डवर लावली. या वेळी कुणी आदेश दिला नव्हता.

एक उगम फार झाकला गेला आहे, तो अमेरिकी आहे आणि फोर्डचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कुशल कामगार सैन्यात गेले, कारखान्यात नवशिके आले. त्यांना झटपट तयार करायला १९४० ते ४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. सुपरवायझरला तीन गोष्टी शिकवायच्या: काम कसं शिकवावं, कामाची पद्धत कशी सुधारावी, माणसांशी कसं वागावं. पद्धत सुधारताना कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला विचारायचं: हे का लागतं, कशासाठी, कुठे, कधी, कोणी, कसं. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तो कार्यक्रम बंद झाला. ताब्यातल्या जपानमध्ये अमेरिकनांनीच तो आणला आणि टोयोटात १९५१ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे कायझेन (सुधारणेची) शीट भरतात त्यातले प्रश्न तिथले आहेत. माझा स्वतःचा कल असा आहे की पहिल्या वर्षी कंपनीनं बाकी काहीही न करता हे 'काम कसं शिकवावं' एवढंच नीट केलं तरी रिजेक्शन दिसण्याइतकं उतरतं.

डेमिंग यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांनी १९५० मध्ये जपानमध्ये संख्याशास्त्रीय गुणवत्तेवर व्याख्यानं दिली, १९५१ पासून त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू झालं. टोयोटात एकूण गुणवत्तेची मोहीम १९६१ मध्ये आली आणि पारितोषिक १९६५ मध्ये मिळालं. म्हणजे ओढ पद्धत (पुढच्यानं मागच्याकडून लागेल तेवढंच उचलणं), यू सेल, पाटी हे सगळं उभं राहिल्यावर. त्यांचा वाटा मोठा आहे, पण तो उगमाचा नाही, येऊन मिळालेल्या नदीचा आहे.

जगाचं लक्ष गेलं १९७३ च्या तेल संकटानंतर, जेव्हा बाकीच्या जपानी कंपन्या धडपडत होत्या आणि टोयोटा लवकर सावरली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यात टोयोटानं भागीदारीत काम सुरू केलं, बहुतेक जुन्याच कामगारांना परत घेऊन, आणि तोच कारखाना चांगल्या गाड्या काढायला लागला. 'ही जपानी संस्कृती आहे, आपल्याला जमणार नाही' हे बोलणं तिथे संपायला हवं होतं. तिथे काम केलेला जॉन क्राफसिक नावाचा तरुण इंजिनियर पुढे एमआयटीच्या मोटार उद्योगावरच्या संशोधन प्रकल्पात गेला. त्यानं १९८८ मध्ये एका लेखात 'लीन' हा शब्द छापला. त्या संशोधकांच्या गटात आधी 'नाजूक' असाही शब्द वापरात होता. साठा नाही, जादा माणूस नाही, म्हणून जरा काही बिघडलं की थांबणारी व्यवस्था. मला तो शब्द जास्त खरा वाटतो. मागावरचा धागा तसाच नाजूक असतो, आणि तुटला की लगेच कळतो.

आपल्याकडेही योगायोगानं हाच क्रम झाला. किर्लोस्कर आणि तोयोदा समूह यांची भागीदारी १९९५ मध्ये कापड गिरण्यांच्या यंत्रांपासून सुरू झाली, आणि बंगळूरजवळच्या बिडदीच्या मोटार कारखान्यासाठीची कंपनी १९९७ मध्ये, त्यानंतर आली.

आता तुमच्या शॉपचं. फाइव्ह एसच्या पिवळ्या पट्ट्या आणि बोर्ड झाले असतील तर राहू द्या, पण पुढचं पाऊल कार्डांचं टाकू नका. तुमची जी प्रेस सगळ्यात जास्त वेळा डाय बदलते ती निवडा. चेंज सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी जा, फिटरला आणि ऑपरेटरला सांगा की त्यांचा वेळ मोजत नाही, वाट बघायला लावणाऱ्या गोष्टी मोजतोय, आणि ओके पीस निघेपर्यंत हलू नका. त्याच आठवड्यात दुसरं एक काम करा. त्या प्रेसवर पत्र्याची पट्टी संपली, पार्ट डायमध्ये अडकला किंवा मिसफीड झाला (पट्टी नीट सरकली नाही) तर ती स्वतः थांबते का ते पाहा. सेन्सर बसवलेला असेल तर तो चालू आहे की वायर काढून बायपास केला आहे, हेही पाहा. बायपास केला असेल तर कुणी केला हे विचारू नका, का करावा लागला ते विचारा. माझ्या पाहण्यात नव्वद टक्के वेळा उत्तर असतं की तो विनाकारण थांबवायचा, प्रॉडक्शन बुडायचं. तसं असेल तर आधी तो सेन्सर दुरुस्त करून घ्या, आणि चेंजची वही भरली की मला कळवा, आकडे मिळून बघू.